वीणा खरखरते आहे, जयराम

देवळातला सप्ताह काल उठला. वीणा आता माझ्या पडवीत आहे, भिंतीच्या खुंटीला टांगलेली, आणि ती खरखरते आहे. जयराम, तुला सांगायला माझ्याकडे एवढीच बातमी आहे. गेलेल्या माणसाशी लोक काय काय चांगलं बोलतात. मला ते जमणार नाही, तुला ठाऊक आहे. माझं तोंड हाटेलवाल्याचं. गिऱ्हाइकाला चहासुद्धा मी दोन शब्द सुनावल्याशिवाय देत नाही. आणि तुला तर जन्मभर 'मेल्या' म्हणूनच हाक मारली. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि अडकतो. एवढा साधा शब्द, तोही तू घेऊन गेलास.

पहिल्या दोन तारा चांगल्या बोलतात. तिसरी छेडली की आधी तीही चांगलीच बोलते, पण आवाज विझत येताना आत कुठेतरी खर्र होतं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली. सगळे म्हणतात, "बरी वाजता मा! तुका आणखी काय व्हया?" मला काय हवं ते ह्यांना कुठून सांगू? खरखर आहे, एवढं तरी कोणीतरी म्हणावं. तेवढंही ह्यांच्यातलं कोणी म्हणत नाही. मग मीच पुन्हा छेडतो, पुन्हा ऐकतो, आणि थोड्या वेळानं मलाही वाटायला लागतं, अंत्या, तुझ्याच कानात काहीतरी भरलं आहे.

तुझी पद्धत मला पाठ आहे. एकानं तार छेडत राहायचं, दुसऱ्यानं बोट ठेवत जायचं. खुंटीवर, पट्टीवर, दांडीच्या जोडावर, भोपळ्याच्या सांध्यावर, घोडीवर. ज्या जागेवर बोट ठेवल्यावर खरखर थांबेल तिथे दुखणं. "कानाक इचारू नको रे, कान फसयता. बोटाक इचार," असं तू म्हणायचास. रापणीचा ओला दोर हातातून सरकवताना जाळ्यात काय आलंय ते तुझ्या बोटांना आधी कळायचं, तसंच हे. पण त्याला दोन माणसं लागतात. मी छेडणारा, तू बोट ठेवणारा. आज सकाळी हाटेल बंद ठेवून मी एका हातानं छेडून बघितलं आणि दुसऱ्या हातानं दाबून बघितलं. एक हात पोहोचतो तिथे दुसरा पोहोचत नाही. कान भोपळ्याला लावावा तर बोट खुंटीपर्यंत जात नाही. शेवटी मी वीणा मांडीवर घेऊन नुसता बसलो, आणि रडलो. सांगायला लाज कसली, बघायला कोण होतं?

त्या वर्षीचं मात्र मला राहून राहून आठवतं. गोवा अजून पोर्तुगिजांच्या हातात होता आणि तुझ्या डोक्यावर अजून केस होते. सप्ताहाचा नियम तेव्हाही तोच. सात दिवस वीणा जमिनीला टेकायची नाही, तिचा आवाज थांबायचा नाही. घरोघरचा पहारा ठरलेला, एकाच्या गळ्यातून काढून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. आणि ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या तोंडी फक्त हरिनाम. घराला आग लागली तरी त्यानं दुसरा शब्द काढायचा नाही. माझा पहारा संपत आला होता, पुढचा तुझा होता. वीणा कुरकुरते आहे हे मला कळत होतं, पण माझ्या मते ती दमली होती. रात्रंदिवस वाजणारी तार, कुरकुरणारच.

तू पाय धुऊन वर आलास आणि वीणा हातात घ्यायच्या आधीच तुझं तोंड आंबट झालं. "अंत्या, थांबू नको. वाजवत रव," म्हणालास आणि माझ्या छातीशी वाकून भोपळ्याला कान लावलास. मी नाम घेत चालतोय, तू वाकून माझ्याबरोबर पावलं टाकतोयस, आणि सभामंडपातल्या बायका तोंडाला पदर लावून हसतायत. तुझं बोट खुंट्यांवर फिरलं. नाही. पट्टीवर गेलं. नाही. सांध्यावर. तिथेही नाही. मग घोडीच्या कोपऱ्यावर तू अंगठा दाबलास आणि खरखर गेली. अंगठा उचललास, आली. दाबलास, गेली. रापण भरून आली तरी तू कधी असा हसला नव्हतास.

घोडीखाली अक्षत होती. एकच तांदूळ. पहिल्या दिवशी गावकारांनी देवापुढे गावाच्या मागण्याचं गाऱ्हाणं घालून वीणेला गंध-अक्षता लावल्या होत्या. ओल्या गंधात तांदूळ चिकटला, खाऱ्या वाऱ्यानं गंध सुकलं, तांदूळ सुटला आणि घोडीच्या फटीत जाऊन बसला. तार हलली की तो थरथरायचा. तू तो नखानं अलगद काढलास, चिमटीत धरलास आणि इकडेतिकडे बघितलंस. देवाची अक्षत, खाली टाकावी तर कोणाचा तरी पाय पडेल. मग तू ती तोंडात टाकलीस आणि गिळलीस. तुझ्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. आपल्या गावात जन्मलेला कोणीही तेच करेल.

आणि गावकार उठले. देवळातले पहिले मानकरी, त्यांचा आवाज म्हणजे समुद्रावर ऐकू जाणारा. "गावाचा गाऱ्हाणा गिळल्यान ह्या! सप्ताह उठाच्या आदी देवाची अक्षत खाल्ल्यान!" सात दिवस ती अक्षत जागची हलवायची नसते, गावानं मागितलेलं सगळं तिच्यात असतं, हे तुला माहीत नव्हतं असं नाही. तुझ्या डोक्यात त्या क्षणी फक्त वीणा होती. "परत ह्या वीणेक हात लावलंस तर याद राख," गावकार म्हणाले. खाली मान घालून निघून गेला असतास तर दोन दिवसांत सगळं मिटलं असतं. पण तू कसला! तू म्हणालास, "नाय लावूचंय. आणि तुमी स्वता बोलवल्याशिवाय ही पायरी चडूचंय नाय."

मी काय करत होतो? मी हरिनाम घेत होतो! माझ्या गळ्यात वीणा. तुझ्या बाजूनं बोलायला माझ्याकडे तोंडच नव्हतं. गावकारांना दोन खडे बोल सुनवायचे तर नाम तुटणार, आणि सप्ताह मोडला म्हणून गाव तुलाच आणखी बडवणार. मग मी नाम मोठ्यानं घ्यायला लागलो, शिवी दिल्यासारखं घेतलं. देवालाही कळलं असेल ते कोणाला उद्देशून होतं. तू पायऱ्या उतरून गेलास आणि तुझाही पहारा मलाच करावा लागला. घसा बसला माझा. महिनाभर गिऱ्हाइकांवर ओरडता येत नव्हतं, त्यांनी तेवढीच सुटका मानली.

त्या हंगामात रापण रिकामी यायला लागली तेव्हा लोकांनी तुझं नाव घेतलं. कोणाचं पोर तापानं फणफणलं, तरी तुझं नाव. तू ऐकून घेतलंस. दर सप्ताहाला तू देवळाच्या दगडी गडग्याबाहेर उंडलीच्या झाडाखाली येऊन बसायचास, जाळ्याचा एखादा तुकडा विणत. तुझ्या घरचा पहारा तुझा भाऊ करायचा, त्याला सूर आणि सुका बांगडा सारखाच. माझा पहारा संपला की मी बाहेर यायचो आणि तू मान वर न करता सांगायचास, "चौथी तार उतारली आसा. खुंटी ढिली झाली." गडग्याबाहेरून! आणि मी आत जाऊन बघायचो तर तसंच असायचं. सप्ताहाआधी वीणा दुरुस्तीला माझ्याकडे येते हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पडवीत ती कोण दुरुस्त करतो हेही सगळ्यांना माहीत असणार. पण कोणी विचारलं नाही, आणि आपणही सांगितलं नाही. वीणा तेवढी दरवर्षी निर्मळ वाजत राहिली.

सावंतवाडीचं आठवतं? जुन्या खुंट्या झिजल्या, म्हणून आपण लाकडी खेळणी करणाऱ्याकडून नव्या करून आणल्या. होडीत कधी न भोवंडणारा तू, एस्टीत मात्र झाराप यायच्या आधीच खिडकीबाहेर डोकं काढून बसलास. मी तुला इतका हसलो की कंडक्टरनं मलाच दम भरला. खुंट्या काय सुंदर होत्या, लाल-हिरव्या लाखेच्या, चकचकीत. लावल्या तर एकही तार ताठ राहीना. पिळली की सुर्र करून सुटायची, आणि ढिल्या तारा एकमेकींना घासून खरखरायच्या. मी त्या खेळणीवाल्याच्या नावानं बोटं मोडली. तू खदखदून हसलास. "तेची काय चूक? तो भवरे करता. भवऱ्याक फिरूचा आसता," म्हणालास. मग काचेच्या तुकड्यानं भोकात जाणारी लाख तेवढी खरवडलीस, खडूची पूड चोळलीस आणि खुंट्या बसवल्यास. बाहेरचा रंग तसाच ठेवलास, "दिसतंत बरी" म्हणून. तो दिवस मला मिळाला, त्याबद्दल मी तुझे उपकार मानतो. असं मी तुला समोर कधी म्हटलं असतं तर तू मला वेडा झालो म्हणाला असतास.

भांडण मात्र आपलं एकच, आणि ते दरवर्षी. मी म्हणायचो, "चड रे पायरी. कोण काय बोलणा नाय. गावकार विसारलो आसतलो." तू म्हणायचास, "विसारलो नाय. मी नाय विसारलंय, मगे तो कसो विसारात?" मी चिडायचो. एवढासा तांदूळ, त्याच्यासाठी जन्म बाहेर काढणार काय? तू म्हणायचास, "माका वीणा व्हयी आसा, अंत्या. पण चोरून नको. तेनी बोलवूक व्हया." मी तुला हट्टी म्हटलं, गाढव म्हटलं, आणि आणखी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तुला एकदा गळ्यात वीणा घालून सभामंडपात फिरताना बघायचं होतं मला. दुसरं काही नव्हतं त्या भांडणात.

मग पावसाळ्यात खोकला धरला तो सुटलाच नाही. दिवाळीपर्यंत तुझ्या फासळ्या मोजता येत होत्या. मी किटलीतून पेज आणायचो, तू दोन घोट घ्यायचास माझं मन राखायला. एका दुपारी तू विचारलंस, "गावकार कसो आसा?" तुला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी खरं तेच सांगितलं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, बायको जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिलाच हाका मारतो, मुलाला ओळखत नाही. मग भिंतीकडे तोंड फिरवून म्हणालास, "मगे संपला." भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास. वहिनी आतून ओरडली, तेव्हा मी दारात किटली घेऊन उभा होतो.

तुझ्या भावाला सुतक. भावकीतल्या ज्यांनी वर्षभर तुझं दार बघितलं नव्हतं, त्यांनाही सुतक. मला नाही. मी तुझा कोण? मी दुसऱ्या दिवशी चूल पेटवून भजी तळली, आणि लोक भजी खाता खाता माझ्यासमोर बोलले, "देवाची अक्षत बाधली तेका, दुसरा काय." त्यातल्या एकाच्या अंगावर मी गरम पाण्याचा तांब्या भिरकावला. लागला नाही. नेम गेला माझा.

आणि एकादशीला सप्ताह बसला. तुझ्या घराला सुतक, मग तुझ्या घरचा पहारा कोणी घ्यायचा यावर देवळात खल सुरू झाला. मी उठून म्हटलं, मी घेतो. कोणी नाही म्हटलं नाही. दुपारची वेळ होती. जेवणं करून माणसं पांगली होती, मंडपात चारदोन म्हातारे कलंडलेले, आणि खांबाला टेकून गावकार. त्यांना त्यांचा मुलगा रोज धरून आणून बसवतो. तू गेल्याचं त्यांना माझ्यादेखत सांगितलं होतं. "बरो होतो," म्हणाले आणि लगेच पेज मागितली.

मी वीणा गळ्यात घातली आणि चालायला लागलो. दोनतीन फेऱ्या झाल्या असतील, आणि खरखर सुरू झाली. मी चिपळ्या कमरेला खोचल्या आणि मोकळ्या हातानं शोधायला लागलो. आधी घोडीचा कोपरा बघितला. साफ होता. औंदा गंध मीच जपून भोपळ्याच्या पाठीला लावायला सांगितलं होतं. मग खुंट्या दाबल्या, पट्टी दाबली, हात पोहोचेल तिथे दाबलं. खरखर हलेना. नाम चालूच होतं, पाय चालूच होते, आणि मला एकदम असं भरून आलं की वाटलं आता इथेच बसकण मारावी. वीणा टेकेल म्हणून बसलो नाही.

तेवढ्यात गावकारांनी मान वर केली. "वीणा खरखरता," म्हणाले.

मी जागच्या जागी अडखळलो. मुलगा म्हणाला, "बरी वाजता हा, आबा. तुमी टेकून बसा."

"गप रे. खरखरता." मग थोडं थांबून, "जयरामाक बोलवा."

म्हातारे उठून बसले. मुलानं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"तेका कान आसा. जयरामाक बोलवा म्हणतंय मा मी!" आवाज थेट पूर्वीचा, समुद्रावर ऐकू जाईल असा. मग त्यांनी मला ओळखलं. मुलाला ओळखत नाही तो म्हातारा, त्यानं मला ओळखलं. "अंत्या, तू सांग तेका. माझा नाव सांग. म्हण, गावकारान बोलवल्यान."

माझ्या गळ्यात वीणा, जयराम. तोंडात नाम. मी नुसती मान हलवली. नाही म्हणून. तो येणार नाही म्हणून.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडला. "येणा नाय म्हणता?" मग अगदी बारीक आवाजात त्यानं विचारलं, "अजून माझो राग धरून आसा काय रे तो?"

मी जोरजोरानं मान हलवली. राग नाही, राग नाही, असं ओरडायचं होतं मला, आणि ओठांतून येत होतं हरिनाम. त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं खांबाला हात घातला आणि उठायला लागला. "मगे मीच जातंय. माझीच चूक होती ती. मीच बोलवन हाडतंय तेका. माझी काठी खंय?"

काठी त्याची त्यालाच सापडली. मुलगा हाका मारत राहिला, तरी तो दाराशी पोहोचला आणि दोन पायऱ्या उतरला. मग मुलानं त्याला धरलं आणि कानाशी तोंड नेऊन तू गेल्याचं पुन्हा सांगितलं. म्हातारा तिथेच पायरीवर बसला. माझा पहारा अजून संपायचा होता.